लेकराच्या नावाची डबी

पाथरी,
१ फेब्रुवारी

प्रिय दैवशाला,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? झरीच्या शाळेत सातवीपर्यंत तुझ्याच वहीतून उतरवून उतरवून कमावलेलं अक्षर आहे, तरी ओळखलं नसशील. एक गोष्ट आधी सांगते. हे पत्र तूच वाच. सुनेच्या हातात देऊ नकोस, नातीला वाचायला लावू नकोस. चष्मा सापडत नसेल तर आधी चष्मा शोध, चहा पी आणि मग एका जागी बस. फोन का केला नाही म्हणशील. अगं बाई, तू फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतेस! मागं मी तुला गुडघ्याचं सांगत होते, तर चुडाव्याची अर्धी गल्ली मला तेलं सुचवायला लागली. हे ओट्यावर बोलण्यासारखं नाही.

घाबरू मात्र नकोस. जे व्हायचं ते होऊन गेलंय आणि घरात सगळे धड आहेत. आज सकाळी माझ्या सुनेनं, स्वप्नानं, मला चक्क सुनावलं. आत्याबाई, तुमी भाजीत दोनदा मीठ घातलंत, आता ही कोण खाणार म्हणाली, आणि मग आपणच हसली. मी पदर तोंडाला लावून न्हाणीत गेले. तिला वाटलं मला राग आला. राग कसला दैवे, दोन महिन्यांत पहिल्यांदा पोरगी कुणावर तरी डाफरली, मला तर गल्लीत साखर वाटावी वाटली. तू पाहिलंयस तिला. तुझ्या अमृतच्या लग्नात निळ्या साडीत होती, मेंढीचं पिल्लू मांडीवर घेऊन बसली होती आणि उठायला तयार नव्हती. मीच तिला ओढून नेलं. जेवलो आणि लगेच निघालो आम्ही. तू वेशीपर्यंत मागे आलीस, थांब की गं घटकाभर म्हणालीस, आणि मी म्हणाले एसटी चुकेल. एसटीला दीड तास होता. त्याचंही सांगते पुढं.

तर, स्वप्नाला दिवस गेले होते. आषाढात पाळी चुकली. लग्नाला तीन वर्षं होऊन गेलेली, त्यामुळं घरात काय आनंद झाला सांगू! आमच्या मालकांना भांड्यांच्या दुकानातून मान वर करायला फुरसत नसते, ते माळ्यावरचा पाळणा खाली काढून त्याच्या कड्यांना तेल देत बसले. भाद्रपदात ग्रहण आलं तेव्हा मी स्वप्नाला वेध लागल्यापासून सुटेपर्यंत खोलीत बसवून ठेवलं. विळी नाही, सुई नाही, साधी शेंग मोडू दिली नाही. शिवप्रकाश म्हणाला, आई, हे काय खूळ काढलंस. मी म्हणाले, खूळ तर खूळ, तू बाहेर हो. मालकांनी मान खाली घातली आणि दुकानात निघून गेले. मी असं का करते ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि दैवे, तुला माहीत आहे. घरात दुसऱ्या कुणाला नव्हतं.

पाचव्या महिन्यात मोठी सोनोग्राफी करायची असते, लेकराचा एकेक अवयव बघतात ती. पाथरीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दिवाळीच्या आसपास करून घ्या. दिवाळीला स्वप्ना गेली माहेरी, गंगाखेडला, चांगली महिनाभर. मी समजले तिकडं करतील. तिकडं विहीणबाई समजल्या, पोरगी सासरहून फाईल घेऊन आलीय म्हणजे पाथरीत झालीच असणार. मग विचारायचं ना एकमेकींना? कसं विचारणार गं! मी फोन करून सोनोग्राफी केली का म्हणावं, तर त्यांना वाटणार, आमच्या लेकीची आम्हाला फिकीर नाही का. त्यांनी मला विचारावं, तर मला वाटलं असतं, आम्ही काय सुनेला वाऱ्यावर सोडलंय का. रोज फोन व्हायचे, बरं का. करंज्या खुसखुशीत झाल्या का, थंडी पडली का, व्याह्यांचं बीपी कसं आहे. सगळं विचारलं, तेवढं एक सोडून. दोन्ही घरांचा मान राखता राखता सात आठवडे गेले. स्वप्नाचं म्हणशील तर दुसऱ्या महिन्यात ठोके बघायला एक सोनोग्राफी झाली होती, तिला वाटलं झाली ती झाली. पहिलटकरीण, तिला काय कळतं.

उलगडा झाला तो गर्भलिंगाच्या विधीच्या दिवशी. लहानपणी तू माझ्या गळ्यातल्या चांदीच्या डबीला बोट लावून विचारायचीस, यात काय हाय गं? आणि मी म्हणायचे, माझा देव. तसं लिंग आम्ही लिंगायत पोटातल्या लेकरालाही देतो. स्वामी येतात, मंत्र म्हणून लेकराच्या नावाचं लिंग आईच्या ओटीत घालतात, आणि आई ते छोट्या डबीत ठेवून स्वतःच्या डबीसोबत गळ्यात बाळगते. लेकरू जन्मलं की त्याचं त्याला. खरं तर हे आठव्यात करतात, पण बाळंतपणाला स्वप्ना गंगाखेडला जाणार म्हणून मी सातव्यातच उरकायचं ठरवलं. मार्गशीर्षातला सोमवार होता. पुरण शिजवलं, वीस-पंचवीस माणसं जेवायला. त्यात आमच्या गल्लीची आशा वर्कर, तानुबाई. त्या बाईचं ध्यान पोळीपेक्षा कागदात जास्त. हात धुता धुता म्हणाली, कार्ड दावा बरं. कार्ड बघितलं, उलटं केलं, फाईल मागितली आणि भर पंगतीत विचारलं, मोठी सोनोग्राफी कुटं हाय? मी विहीणबाईंकडं बघितलं, विहीणबाईंनी माझ्याकडं.

दुसऱ्या दिवशी परभणीला नेलं. डॉक्टर आधी बोलत होता, नाव काय, गाव काय, आणि मग मशीन एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवायला लागला. मग सगळ्यांना आत बोलावून त्यानं सांगितलं की लेकराच्या डोक्याची कवटी वरून तयारच झालेली नाही, आणि मेंदूही नाही. बाकी हात, पाय, पाठ आहे. पण जन्मलं तरी तासभर, फार तर एखादा दिवस. औषध नाही, ऑपरेशन नाही. स्वप्ना म्हणाली, पण ते तर लाथा मारायलंय की. तो म्हणाला, हो ताई, मारणार. माणूस वाईट नव्हता. पण पुढं म्हणाला, सत्ताविसावा आठवडा चालू आहे, चोवीस केव्हाच उलटले, आता आमच्या हातात काही नाही, मोकळं व्हायचं तर हायकोर्टात अर्ज करावा लागेल, औरंगाबादला. कोर्ट! आमच्या सात पिढ्यांत कुणी कोर्टाची पायरी चढलं नाही. परतताना जीपमध्ये, मानवतला चहा घ्यायचा का, एवढंच मालकांनी विचारलं. आणि मी खिडकीबाहेर बघत बसले होते. कवटी तयार झाली नाही. बस्स, एवढंच? एवढं एक वाक्य मला कुणी चौतीस वर्षं सांगितलं नाही.

घरी दोन दिवस नुसता गोंधळ. कुणी म्हणे पोलीस केस होते, कुणी म्हणे वकील पन्नास खेटे घालायला लावतो, तोवर पोरगी बाळंत होईल. मालकांचं वेगळंच. ते म्हणाले, गर्भलिंग दिलंय, आता ते शिवाचं लेकरू आहे, ठेवायचं की न्यायचं ते त्याला बघू द्या, आपण हात लावायचा नाही. रागानं नाही म्हणाले, रडत म्हणाले, म्हणून तर त्यांच्याशी भांडताही येईना. आणि त्यातच शेजारणी यायच्या. कुणाला काही सांगितलं नव्हतं ना. पोटावर हात ठेवायच्या, लय वर आलंय गं, मुलगाच हाय बघ म्हणायच्या, आणि स्वप्ना हसायची. एका दुपारी सगळ्या गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, आत्याबाई, अजून तीन महिने मला असंच हसायचंय का? दैवे, माझ्या हातातलं सुपडं तसंच राहिलं. मला उत्तर माहीत होतं आणि मी पाखडलेलंच पुन्हा पाखडायला घेतलं.

तिसऱ्या दिवशी तानुबाई आली. पंगतीत विचारल्याचा तिला कोण पश्चात्ताप झाला होता, आणि ही बाई ओशाळली की आवाज चढवते. कोर्ट-बिर्ट काई न्हाई म्हणाली. कायदा बदलून चार-पाच वरसं झाली, मीच ट्रेनिंगला ऐकलंय, आन् तुमी इथं रडत बसलाव! गाडी करा. तिनंच आम्हाला परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीणबाई बुटकीशी, चष्मा दोरीनं गळ्यात, आवाज मात्र शाळेतल्या हेडबाईचा. तिनं शांतपणे समजावलं. लेकरात असं मोठं व्यंग असेल आणि डॉक्टरांच्या बोर्डानं तपासून तसं लिहून दिलं, तर आठवड्यांची अट लागत नाही. कोर्टात जायचं काम नाही. बोर्ड तीन दिवसांत सांगतं. हा गुन्हा नाही, पोलीस नाही, लपवायचं काही नाही. स्वप्नानं तेच तिला तीनदा विचारलं आणि तिनं तीनदा तेच सांगितलं, एकदाही वैतागली नाही. देव तिचं भलं करो.

मग तिनं कागद पुढं ओढला आणि विचारलं, घरात याआधी कुणाला असं लेकरू झालं होतं का? सासरी, माहेरी, नात्यात? विहीणबाई नाही म्हणाल्या. शिवप्रकाश माझ्याकडं बघायला लागला, सहजच बघितलं त्यानं, आईला माहीत असेल म्हणून. मालक छताच्या पंख्याकडं बघत होते. आणि मी म्हणाले, नाही. दैवे, मी डॉक्टरीणबाईच्या डोळ्यांत बघून नाही म्हणाले. तिनं कागदावर रेघ मारली आणि पुढचा प्रश्न विचारला.

बोर्ड बसलं शुक्रवारी. चार डॉक्टर, पुन्हा सोनोग्राफी, पुन्हा तपासणी. स्वप्नाला एकटीला आत घेतलं, आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. मालक म्हणाले, आम्ही घरचे आहोत. आतला डॉक्टर म्हणाला, असाल, पण तिचं मन तिच्याच तोंडून ऐकायचं असतं. दुपारपर्यंत निकाल आला. लेकरू वाचणारं नाही, मोकळं करायला बोर्डाची हरकत नाही. आता फक्त संमतीच्या कागदावर सही. शिवप्रकाशनं खिशातून पेन काढला, तर नर्स म्हणाली, तुमची नको दादा, ताईंची. मालक म्हणाले, मग आमची कुठं? तर म्हणाली, तुमची कुठंच नाही आजोबा, बाई सज्ञान असली की तिची तिलाच करायची असते. मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. एरवीचा दिवस असता तर मी हसले असते. घरातल्या पाण्याच्या टाकीच्या अर्जावर पण त्यांचीच सही लागते!

बाहेर लिंबाखाली बाकडं होतं. स्वप्ना कागद मांडीवर घेऊन बसली, पेन हातात. मालक तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, पोरी, लिंग दिलंय गं आपण त्याला. थोडं थांब. देव बघंल. त्यांनी तिला कधी एक शब्द वाकडा बोललेला नाही, म्हणून तो शब्द तिला जड गेला. पेन थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. नवऱ्याकडं नाही, आईकडं नाही, माझ्याकडं. आणि मला कळलं की मी आत्ता गप्प बसले तर ही पोरगी सही करणार नाही. नऊ महिने भरवेल, आणि मग माझ्यासारखी होईल.

मी बोलले, दैवे. भर दवाखान्याच्या आवारात, विहीण, व्याही माणिकराव, शिवप्रकाश, तानुबाई सगळ्यांसमोर. म्हणाले, देव बघत न्हाई. मी वाट बघितलेली आहे. शिवप्रकाशच्या आधी मला एक लेकरू झालं होतं. माहेरी, झरीला, पूर्ण नऊ महिन्यांचं. कळा दोन दिवस होत्या. कासाबाई सुईणीनं मोकळं केलं, भर दुपारी, आणि लेकरू रडलंच नाही. मी मान उचलायला गेले तर कासाबाईनं माझ्या डोळ्यांवर हात ठेवला, बघू नगं म्हणाली. दारातल्या बायका कुजबुजल्या, राक्षस जन्मला म्हणे, डोकंच नाही. कासाबाईनं गुंडाळून नेलं. पाचव्या दिवशी सासू आली आणि पहिला प्रश्न काय विचारला तर, ग्रहणात काय चिरलंस? मी दोडका चिरला होता. अर्धा. मग मला दूध आलं. सहा दिवस दूध येत होतं आणि मी लुगड्याचे बोळे दाबून बसले होते, आणि या घरात, त्या घरात, कुणी एकदा तरी त्या लेकराचं नाव काढलं का? हे काय बघितलं देवानं? स्वप्नाचं असं नाही होऊ द्यायची मी. ती सही करंल नाहीतर न करंल, तिची ती ठरवंल, पण लिंगाचा धाक तिला घालायचा नाही.

एवढं बोलले आणि मी बाकड्याकडं वळले. तानुबाईनं धरून बसवलं. शिवप्रकाश लहान पोरासारखा माझ्या पायाशी बसला. त्याला एकतीस वर्षं माहीतच नव्हतं की तो दुसरा आहे. आणि मालक, दैवे, त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात चुरगाळली आणि म्हणाले, मी तेव्हा झरीला आलोच न्हाई. निरोप मिळाला होता. लाज वाटली मला. चौतीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे एवढंच ऐकायचं होतं मला. मग ते स्वप्नाला म्हणाले, कर सही पोरी. स्वप्ना डोळे पुसत म्हणाली, करायलेच बाप्पा. आणि केली. मी तशीच आत गेले आणि डॉक्टरीणबाईला म्हणाले, तुम्ही विचारलं होतं ना घरात असं कुणाला झालं होतं का? ती नाहीची रेघ खोडा. मला झालं होतं. तिनं खोडली. मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

तिनंच मग सगळं समजावलं. लेकराचं डोकं पहिल्या महिन्या-सव्वा महिन्यातच घडतं, बाईला दिवस गेलेत हे कळायच्याही आधी. मी बोटं मोजली. स्वप्नाचं आषाढात. ग्रहण तर भाद्रपदात, आणि तेव्हा तिनं शेंगसुद्धा मोडली नव्हती! मग माझा दोडका, दैवे, माझा तो अर्धा दोडका! चौतीस वर्षं मी ग्रहणाच्या दिवशी विळीकडं बघितलं नाही. मला हसू आलं की रडू ते कळेना, दोन्ही एकदम आलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, यात कुणाची चूक नसते. सोनोग्राफी वेळेवर झाली असती तर आधी कळलं असतं, तिचा त्रास कमी झाला असता, लेकरू तसंच असतं. पुढच्या वेळी दिवस जायच्या आधीपासून एक गोळी घ्यायची, फॉलिक ॲसिडची, आणि घरात आधी झालेलं आहे म्हणून जास्त ताकदीची. आणि सोनोग्राफी तिसऱ्या महिन्यातच. विहीणबाई आणि मी, दोघींनी एकदम मान हलवली. आता आम्ही एकमेकींना काहीही विचारतो, अगदी पोट साफ झालं का हे सुद्धा. मान गेला खड्ड्यात.

रविवारी स्वप्ना मोकळी झाली. दुखलं तिला, खोटं कशाला सांगू. पण मी जवळ होते, तिची आई जवळ होती, नर्स डोक्यावरून हात फिरवत होती. आधी नर्सनं मला विचारलं होतं, टोपडं आहे का घरी? मी शिवलेलं होतं, पिवळ्या सुती कापडाचं, पण ते आता कशाला म्हणून आणलं नव्हतं. शिवप्रकाश पाथरीला जाऊन घेऊन आला. नर्सनं लेकराला पुसलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि डोक्यावर ते टोपडं नीट बांधलं, कानांवरून. मग स्वप्नाला विचारलं, बघायचंय का? माझा हात आपोआप उठला होता, तिच्या डोळ्यांवर ठेवायला. मी तो दुसऱ्या हातानं धरून खाली घेतला. स्वप्नानं बघितलं. मुलगी होती. नाक अगदी शिवप्रकाशचं, ओठ बारीक, नखं सुद्धा आलेली. स्वप्ना म्हणाली, आत्याबाई, ही तर छान हाय. हो गं माय, छान होती. राक्षस-बिक्षस काही नव्हतं.

मालक स्वामींना विचारून आले होते. लेकरू न जगता गेलं तर त्या लिंगाचं काय करायचं? स्वामी म्हणाले, दिलेलं लिंग आपण परत घेत नाही सांबप्पा, ते त्या जीवाचं. कितीही उशीर झाला तरी त्याचंच. मग आमच्या समाजाच्या जागेत, आमच्या रीतीनं लेकराला मातीत बसवून पुरलं तेव्हा, मालकांनी स्वतःच्या हातानं छोट्या डबीतलं लिंग काढून तिच्या डाव्या तळव्यावर ठेवलं आणि मूठ मिटवली. स्वप्ना घरी आली, महिनाभर गंगाखेडला राहिली आणि गेल्या आठवड्यात परत आली. गोळी रोज सकाळी स्वतः आठवणीनं घेते. पोरगी जेवते, झोपते, आणि आज तर माझ्या मिठावर बोलली. डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवल्यावर मान कशी हलकी होते, तसं झालंय बघ मला.

आणि आता तुझं माझं. त्या दुपारी तू मला पाणी तापवून देत होतीस. मी बाजेवरून दारातून बघितलं होतं. पुढं तुझी आई, कासाबाई, घोंगडीत गुंडाळलेलं घेऊन, आणि मागं तू, अनवाणी, खांद्यावर खोरं. त्या दिवसानंतर मी तुझ्याशी धड बोलले नाही, दैवे. तुझी काही चूक नव्हती. तू पाहिलं होतंस आणि मी पाहिलं नव्हतं, म्हणून मला तुझ्या डोळ्यांची भीती वाटायची. एसटी चुकेल म्हणाले ती त्याचमुळं. मला माफ कर. कासाबाई गेली, माझे आई-वडील गेले, आता त्या जागेचं माहीत असलेली जगात तू एकटीच उरलीस. आठव्या महिन्यात माझ्या ओटीतही एक लिंग घातलं होतं. आई म्हणाली होती, गोदावरीत सोड. मी सोडलं म्हणून सांगितलं, पण सोडलं नाही. ती छोटी डबी चौतीस वर्षं ट्रंकेत, माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत आहे. स्वामी म्हणाले ना, कितीही उशीर झाला तरी त्याचंच. मग त्याचं त्याला देऊन टाकते. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी झरीला येते, मालकही येणार म्हणतात, या वेळी आपण होऊन. तू चुडाव्याहून ये आणि मला ती जागा दाखव. वर घर झालं असेल, विहीर झाली असेल, तरी चालेल, नुसतं इथं म्हण. जागा तू तोंडानंच सांग. पण मुलगा होता की मुलगी, तेवढं मात्र उलट टपाली लिहून पाठव, नाहीतर फोन कर, स्पीकरवर केलास तरी चालेल. तिथवर थांबवत नाही गं मला.

तुझीच,
मल्लम्मा